किती घोडे पुरतील

सनायात, दहा नंबरला, डायनोच्या रोलरवर
हुमैदची पांढरी निसान पॅट्रोल
चार पट्ट्यांनी आवळलेली, खोड्यात घातलेल्या बैलासारखी.
गुलफराज कान झाकतो. मी पडद्याकडे बघतो:
आठशे बारा.
हुमैद पडद्याचा फोटो काढतो,
मग मला पडद्याशेजारी उभं करून माझा,
जणू आठशे बारा शिंगरं माझ्याच पोटची.

मी मगदूम. उद्यमनगरात लेथवर वाढलो.
एचपी हा शब्द आमच्याकडे
आधी विहिरीवर ऐकू येतो, मग शाळेत.
शेजाऱ्याची पाचची मोटर, म्हणून
चुलत्यानं ईर्षेनं साडेसातची बसवली.
दीड तासात विहिरीचा तळ दिसला,
मोटर कोरडी फिरून जळली.
रिवाइंडिंगला मीच नेली ती,
पोत्यात बांधून, सायकल हातात धरून.
ते वजन अजून कोपरात आहे.

म्हणून कुणी विचारलं, उस्ताद, रोजच्या गाडीला किती,
तर मी आधी विचारतो, विहीर केवढी?
म्हणजे रस्ता.
म्हणजे सकाळी साडेसहाला नॅशनल पेंट्सपाशी
जो थिजलेला असतो, तो.

साधी गाडी एकशेवीसला नुसती धरून ठेवायला
पंचवीस-तीस घोडे पुरतात.
एसी लावला, मागे तिघं, पुढे ट्रक,
त्याला ओलांडायचं, तर धरा दीडशे.
वर शंभर हौसेचे. हौसेला मोल नसतं,
पण रेडिएटर असतो.
बाकीचे तबेल्यात उभे
अठ्ठ्याण्णवचं पेट्रोल पीत.

हे सगळं मी हुमैदला सांगितलं होतं.
खल्ली वल्ली, म्हणाला होता.

जुलैत परत आला. शेहेचाळीस अंश.
एसी बंद, काचा खाली, काटा लालच्या कडेला.
मागे त्याचे वडील, डायलिसिसहून घरी जाताना
अल खानला पाऊण तास अडकलेले,
गुत्रा ओला करून डोक्यावर ठेवलेला.
गाडी उंच केलेली, क्लच असा
की दर सुटण्याला मणक्यात ठोसा.
ऑइलच्या रिकाम्या क्रेटची पायरी करून
आम्ही दोघांनी त्यांना खाली घेतलं.

म्हातारा माझ्या खुर्चीत, टेबलफॅनसमोर.
जुन्या मुंबईच्या हिंदीत विचारलं,
"कितना घोडा है इसमें?"
हुमैद गप्प. मी आकडा सांगितला.
म्हातारा बिनदातांचा हसला.
त्याच्या गलबताला चोवीस होते. एकच सिलिंडर.
खजूर भरून रत्नागिरी, येताना तांदूळ, लाकूड.
"सब पहुँचा," म्हणाला.
नाखुदा होतो मी, म्हणाला.
कोकणात नाखवा म्हणतात, मी म्हणालो.
मग थोडा वेळ फक्त पंखा.

हुमैद नटबोल्टच्या डब्याकडे बघत म्हणाला,
किती ठेवायचे?
मी तीनशे म्हणालो, तो पाचशे.
वजनदार गाडी, पोराचं मन,
तीनशे ऐंशीवर मिटलं.
मोठा टर्बो काढला. विकायचा नाही म्हणाला;
फडक्यात गुंडाळून माझ्याच कपाटात आहे,
चहापत्तीच्या डब्यामागे.
क्लच कंपनीचा. रेडिएटर दुप्पट.
पडद्याचा फोटो या वेळी कुणी काढला नाही.

काल संध्याकाळी अजमानच्या वाटेवर
ते शेजारच्या लेनमध्ये दिसले.
काचा वर. म्हातारा मागे झोपलेला, तोंड उघडं.
माझ्या सनीत एकशे आठ, त्यातले काही
कधीच कामावर येत नाहीत.
दोन्ही गाड्या ताशी अकरानं, बरोबरीनं.

हुमैदनं मला पाहिलं.
क्लच दाबून एकदा, एकदाच,
उगाच रेस दिली.

मीही दिली.